दुखणं शून्य

उंदराला शेपटीला धरून उचलणारा माणूस कांचन धायगुडेच्या हाताखाली दुसरा दिवस टिकत नसे. पहिल्यांदा ती समजावून सांगे. शेपूट म्हणजे दांडी नव्हे, पाठीच्या कण्याचं टोक आहे ते. नळकांडं पुढे धरा, तो आपणहून आत शिरतो, मग नळकांडं उचला. दुसऱ्यांदा तेच दिसलं की त्या माणसाला दारापर्यंत सोडून येई. बाई तापट आहे, असं शिरवळच्या त्या औषध संशोधन संस्थेत सगळेच म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सव्वीस वर्षं ती तिथल्या प्राणीगृहात होती. हुद्दा 'प्रयोगशाळा प्राणी तंत्रज्ञ, वरिष्ठ श्रेणी' असा लांबलचक होता, पण गावाकडे कुणी विचारलं तर ती सरळ सांगे, "उंदरं सांभाळते." धनगराच्या घरातल्या पोरीनं मेंढरं सोडून उंदरं सांभाळावीत, याचं तिच्या चुलत्यांना मरेपर्यंत हसू येत राहिलं.

ही उंदरं शेवटी मारली जातात, हे तिनं कधी गोड करून सांगितलं नाही. जीव घ्यायचाच असेल तर त्यातून काम तरी झालं पाहिजे, आणि कामापुरतं सोडून जास्तीचं काही त्याला दुखता कामा नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. यात कुणी हयगय केली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

२०३३ साली संस्थेनं 'मुखवेध' नावाचं यंत्र बनवलं, ते तिच्याच डोळ्यांवर. उंदराला दुखत असलं की त्याचे डोळे बारीक होतात, गाल फुगतात, कान मागे वळतात, मिशा ताठ होतात. बारीक आवाजात तो ओरडतोही, फक्त आपल्या कानांना ते ऐकू येत नाही. हे सगळं शास्त्राला आधीपासून ठाऊक होतं. पण हजारो पिंजऱ्यांपुढे दिवसभर डोळे लावून बसणार कोण? म्हणून प्रत्येक पिंजऱ्यावर एक कॅमेरा आणि एक कान बसवायचं ठरलं. यंत्राला चेहरे वाचायला शिकवण्यासाठी कांचननं वर्षभर पडद्यासमोर बसून चाळीस हजार फोटो पाहिले आणि एकेकाला शून्य ते दहा असे आकडे दिले. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. पुढे तेच यंत्र माणसांच्या चेहऱ्यांवरही शिकवलं गेलं, आणि बोलता न येणाऱ्या रोग्यांच्या उशाशी जाऊन बसलं. संस्थेच्या शोधनिबंधात शेवटून दुसरं नाव तिचं होतं. नवऱ्यानं त्या पानाला फ्रेम करून घेतली होती.

यंत्र आलं आणि पहिला बळी गेला तो घरट्यांचा. उंदीर कापसाच्या घरट्यात शिरला की कॅमेऱ्याला चेहरा दिसेना, म्हणून पिंजऱ्यांतून कापूस काढून टाकायचा हुकूम निघाला. कांचन भांडली. माणसाला जी हवा सुखाची वाटते ती उंदराला थंड पडते, असं तिनं तीन बैठकांत सांगितलं. खोलीचं तापमान दोन अंशांनी वाढवून तिची बोळवण केली गेली.

मग तिनं गुपचूप आपला मार्ग काढला. रोज सकाळी तपासणीसाठी पिंजरे आठ-आठच्या गटानं टेबलावर घ्यावे लागत. तिथे कॅमेरा नव्हता. त्या दहा मिनिटांत ती प्रत्येकात दाबलेल्या कापसाचा एक चौकोनी तुकडा टाकी आणि बघत राही. धडधाकट उंदीर दोन मिनिटांत तो कोपऱ्यात ओढून नेई आणि दातांनी पिंजायला लागे. ज्याला दुखत असे, तो कापसाकडे ढुंकून पाहत नसे. दहा मिनिटं झाली की ती कापूस काढून घेई आणि वहीत बरोबर किंवा फुलीची खूण करी. हे नियमाबाहेरचं होतं. तिनं कुणाला विचारलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं.

२०४१ च्या जानेवारीत 'प्रशमिल'चा प्रयोग तिच्याकडे आला.

प्रशमिल हे काही नवं औषध नव्हतं. पक्षाघातानं वाचा गेलेल्या रोग्यांसाठी वर्षभरापूर्वीच त्याला परवानगी मिळाली होती. खांद्यावर चिकटवायची पट्टी, तीन दिवसांनी बदलायची. त्याआधीचे प्राण्यांवरचे सगळे प्रयोग दुसरीकडे, यंत्रांच्या हातांनी चालणाऱ्या प्रयोगशाळेत झाले होते. तिथे माणूस पिंजऱ्याला शिवतसुद्धा नव्हता. आता कंपनीला तेच औषध शस्त्रक्रिया झालेल्या तान्ह्या बाळांसाठी द्यायचं होतं, आणि त्यासाठी कोवळ्या उंदरांवर पुन्हा एक प्रयोग करणं कायद्यानं भाग होतं. पोटाची शस्त्रक्रिया झालेले चोवीस उंदीर डाव्या फळीवर, त्यांना जुनं वेदनाशामक. चोवीस उजव्या फळीवर, त्यांना प्रशमिल.

पाचव्या दिवशी सकाळी कांचननं पडदा पाहिला. डाव्या फळीवर दोन, तीन, दोन, तीन. उजव्या फळीवर ओळीनं चोवीस शून्यं.

मग तिनं कापूस टाकायला सुरुवात केली. डावीकडचे दोन-तीनवाले उंदीर जरा लंगडत पुढे आले, वास घेतला, आणि एकेकानं आपला तुकडा कोपऱ्यात ओढला. काहींनी अर्धाच पिंजला, पण पिंजला. उजवीकडच्या शून्यवाल्यांपैकी एकही जागचा हलला नाही. चार दिवस हेच चाललं होतं. चार दिवस तिनं मनाची समजूत घातली होती, की औषधाची गुंगी असेल. पण गुंगीतला उंदीर हाताला सैल लागतो. तिनं उजवीकडचा एक उंदीर तळहातावर घेतला. डोळे टपोरे, कान सरळ, मिशा मोकळ्या, चेहऱ्यावर दुखण्याचा मागमूस नाही. आणि अंग मात्र लाकडासारखं ताठ. पोट आत ओढलेलं, चारही पंजे घट्ट मिटलेले.

सव्वीस वर्षांत असा उंदीर तिच्या हातात आला नव्हता. ती खाली स्टुलावर बसली. प्रशमिल कसं सापडलं ते तिला माहीत होतं, संस्थेच्या सभागृहात त्याचं कौतुक तिनं ऐकलं होतं. नऊ हजार रसायनं मुखवेधसमोर एकामागून एक उभी केली, आणि ज्यानं आकडा सर्वांत खाली आणला ते निवडलं. आता ज्याचं दुखणं थांबलं त्याचा आकडा शून्य. आणि ज्याचं दुखणं तसंच आहे, फक्त ते चेहऱ्यावर आणि आवाजात उतरण्याची मेंदूतली वाट बंद झाली आहे, त्याचाही आकडा शून्यच. यंत्राला या दोघांत फरक कळणार नव्हता, कारण यंत्राला तिनं फक्त चेहरे शिकवले होते. तिला कुणी विचारलंच नव्हतं, की बाई, तुम्ही स्वतः आणखी कशावरून ओळखता?

आणि ही पट्टी चार महिन्यांपासून तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर होती. संस्थेच्या ओळखीनं, दोन जणांच्या हातापाया पडून, तिनं स्वतः मिळवली होती.

संचालिका डॉ. शर्वरी केळुसकर शांत, गोड बोलणाऱ्या होत्या. कांचनची वही त्यांनी चष्मा वर करून पाहिली.

"कांचनताई, हा कापूस आला कुठून?"

"मी आणला."

"प्रयोग चालू असताना? मंजुरी नसताना?"

"मॅडम, आधी खुणा बघा ना. चोवीसच्या चोवीस फुल्या. त्यांना दुखतंय. औषध दुखणं मारत नाही, तोंड मारतंय."

"हा तुमचा अंदाज झाला." केळुसकरांनी वही मिटली. "मुखवेधची अचूकता सत्त्याण्णव टक्के आहे. ती कुणामुळे आहे? तुमच्यामुळे. तुमचंच नाव आहे निबंधात."

"माझ्यामुळे आहे म्हणूनच सांगते. मी त्याला तोंडं बघायला शिकवलं. तोंड बंद करणारं औषध निघंल, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही, तुमच्याही आलं नाही. दोघी चुकलो. आता पोटं फाडलेल्या तान्ह्या पोरांना हे लावणार आहात तुम्ही. ती पोरं रडणार न्हाईत, आणि आया म्हणतील, बघा कसं गुणाचं आहे बाळ."

रागावली की तिची शिरवळची बोली सुटून गावाकडची वर येई. केळुसकरांच्या आवाजात मात्र तसूभर फरक पडला नाही.

"तुमचे मिस्टर घेतात ना प्रशमिल? चार महिन्यांपूर्वी याच खोलीत तुम्ही पेढे दिले होतेत मला. म्हणालात, सहा महिन्यांनी घरात झोप आली."

कांचनच्या तोंडावर कुणी थप्पड मारावी तसं झालं. पेढे तिनं दिले होते, ते खरंच होतं.

"हे कागदावर आलं," केळुसकर पुढे म्हणाल्या, "तर आधी एकच गोष्ट सिद्ध होते, की तुम्ही नियम मोडलात. हे अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पिंजरे बाद होतील. इतक्या प्राण्यांचा जीव फुकट जाईल, तुमच्यामुळे. आणि तुम्हाला ठेवता येणार नाही. त्यापेक्षा वही घरी न्या. प्रयोगाला नऊ दिवस राहिलेत."

"फुकट जाईल?" कांचन उभी राहिली. "फुकट गेलाच आहे की. त्यांनी सांगायचं ते सांगितलं आणि आपण शून्य लिहिलं. मॅडम, मी आजवर हजारो उंदरं माझ्या हातानं मारली. एकाशीसुद्धा खोटं वागले नाही. तुम्ही मला आज ते करायला सांगताय."

ती तिथून निघून थेट खालच्या कचेरीत गेली. प्राणी नीतिसमितीच्या नावानं दोन पानी तक्रार तिनं तिथेच बसून लिहिली. पहिलंच वाक्य होतं, 'मी नियम मोडून पिंजऱ्यात कापूस टाकला.' वहीच्या पानांचे फोटो जोडून तिनं ती समितीच्या सगळ्या सभासदांना पाठवून दिली, संस्थेबाहेरच्या दोघांनासुद्धा. वीस मिनिटांत तिचं कार्ड दाराला चालेनासं झालं. पहारेकऱ्यानं मान खाली घालून फाटक उघडलं, आणि ती बाराच्या उन्हात बाहेर पडली.

हणमंतराव धायगुडे दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. दहा महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली. वाचा गेली, उजवं अंग गेलं, आणि त्या मेलेल्या अंगात एक विचित्र दुखणं जन्माला आलं. चादरीचा काठ घासला तरी भाजल्यासारखं होई, आणि ते गुरासारखे ओरडत. जुन्या औषधांनी ते थोडं उतरे, पुन्हा चढे. सोसायटीनं तक्रारीची दोन पत्रं पाठवली. सून सायली मुलीला घेऊन माहेरी गेली. मुलगा हर्षल घरून काम करायचा, तो कानांत बोळे घालून बसायचा. मग प्रशमिल आलं. तिसऱ्या दिवशी हणमंतरावांचा चेहरा निवळला, पलंगावरच्या छोट्या मुखवेधवर हिरवं शून्य लागलं, आणि पंधरा दिवसांत सून परत आली.

कांचन घरात शिरली तेव्हा ते छताकडे बघत पडले होते. हिरवं शून्य. उशाशी भुईमुगाच्या शेंगांची ताटली होती. ओरडण्याच्या त्या दिवसांतसुद्धा, जरा उतार पडला की ते डाव्या हातानं शेंगा पलंगाच्या फळीवर दाबून फोडत आणि दाणे तिच्यासाठी बाजूला ठेवत. चार महिन्यांत ताटलीतली एक शेंग फुटली नव्हती. आराम पडलाय माणसाला, पडू दे, असं तीच म्हणाली होती. उंदरानं कापूस सोडला तर जिला काळजी वाटे, तिनं नवऱ्यानं शेंगा सोडल्या ते बघितलं आणि पेढे वाटले! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिनं दार लावलं, पलंगाशी बसली, आणि चादरीचा काठ त्यांच्या उजव्या दंडावरून हलकेच ओढला. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. शून्य. पण पलंगाच्या पलीकडच्या कडेला, गादीच्या खाली, काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला. ती वाकली. त्यांचा डावा हात गादीखाली गेलेला होता. फळीची गादीखाली झाकलेली बाजू बोटांच्या रुंदीएवढी पांढरी पडली होती, रंग जाऊन लाकडाच्या ढलप्या निघाल्या होत्या. तिनं हात ओढून बाहेर काढला. दोन बोटांची नखं मुळापर्यंत गेली होती. बाकीची मात्र नीट कापलेली, कडा घासून गुळगुळीत केलेली.

"हर्षल!"

तो आतल्या खोलीतून आला. "आई? तू आत्ता कशी काय? सुट्टी आहे?"

"आप्पांची नखं कोण कापतं?"

त्यानं बापाच्या हाताकडे पाहिलं.

"मी पट्टी बदलते, अंघोळ तू घालतोस, नखं तू कापतोस. कधीपासून अशी हायत ही?"

"आई, डॉक्टर म्हणाले, हालचाल आपोआप होते, त्याला अर्थ..."

"कधीपासून?"

"पट्टी लावली त्या पहिल्या आठवड्यापासून," हर्षल म्हणाला. मग एकदम त्याचा आवाज चढला. "तुला काय वाटतं, मला कळत नव्हतं? मी दिवसभर घरात असतो, आई! तू असायचीस संस्थेत. ते ओरडायचे तेव्हा मी मीटिंग बंद करून बाथरूममध्ये जाऊन बसायचो. माझी पोरगी आजोबांना बघून चळाचळा कापायची. मग ते गप्प झाले. मशीन म्हणतंय शून्य, डॉक्टर म्हणतायत शून्य, तू म्हणतेस शून्य. मी एकट्यानं कशाला म्हणू, की नाही म्हणून? म्हणून काय झालं असतं? परत तेच!"

"म्हणून नखं घासून ठेवलीस."

"त्यांना रक्त येऊ नये म्हणून," तो म्हणाला, आणि भिंतीला पाठ लावून लहान मुलासारखा रडायला लागला.

कांचननं त्याला जवळ घेतलं नाही. तिला ते जमलंच नाही. तिच्या अंगात नुसता जाळ होता, आणि तो केळुसकरांवर होता, पोरावर होता, सगळ्यांत जास्त स्वतःवर होता. ती नवऱ्याकडे वळली. त्यांच्या खांद्यावरची पट्टी तिनं एका कडेनं सोडवली आणि ओढून काढली.

"आई, सायली आणि पोरगी पाचला येतील घरी."

"येऊ दे."

"पुन्हा निघून जातील."

"जातील तर जातील. कपाटातली जुनी बाटली काढ. त्या औषधानं पुरतं थांबत न्हाई, पण उतरतं तरी. उतरायचं, हे आपल्या डोळ्यांनी बघितलंय आपण. त्याला वेळ लागंल. तोवर ओरडतील."

तिनं त्यांना जुनं औषध चमच्यानं पाजलं. मग त्यांच्या डाव्या अंगाला बसता यावं म्हणून पलंग ओढून भिंतीपासून लांब घेतला, त्यांचा डावा हात गादीवर, आपल्या दोन्ही हातांत धरला. "अहो, आता ओरडायचं," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "कळतंय का? लपवायचं न्हाई." त्यांना शब्द कळतात की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांची बोटं मात्र तिच्या मनगटात रुतली.

प्रशमिल उतरायला साडेतीन तास लागले. चार वाजायच्या सुमारास त्यांच्या एका डोळ्याची कड आकसली. मग गाल ताणला. मुखवेधवर शून्याचा एक झाला, तीन झाला, पिवळा दिवा लागला. पहिला आवाज घोगरा निघाला, बरेच दिवस बंद पडलेल्या नळासारखा. दुसरा पूर्ण निघाला, आणि खाली बागेत खेळणारी पोरं एकदम थांबली. हर्षल सवयीनं खिडकीकडे धावला. त्यानं हात कडीवर ठेवला, आईकडे पाहिलं, आणि खिडकी तशीच उघडी ठेवून तो बापाच्या पायाशी येऊन बसला.

आकडा आठवर गेला. दिवा लाल झाला आणि लगेच कांचनचा फोन वाजला. कंपनीच्या मदतकेंद्रातली कुणी मुलगी होती. आवाज गोड, पाठ केलेला.

"नमस्कार मॅडम, हणमंत धायगुडे यांच्या नातेवाईक बोलताय ना? आमच्या पडद्यावर पेशंटचा स्कोअर वाढलेला दिसतोय. बहुतेक पट्टी निघाली असेल. घाबरू नका, नवीन पट्टी लावली की वीस मिनिटांत पुन्हा शून्य होईल."

"निघाली न्हाई. मी काढली."

"मॅडम, असं परस्पर काढता येत नाही. पेशंटला किती त्रास होतोय बघा."

"बघत नका बसू," कांचन म्हणाली. "ऐका."

तिनं फोन नवऱ्याच्या तोंडाशी धरला. पलीकडून ती मुलगी दोनदा 'मॅडम, मॅडम' म्हणाली. मग गप्प झाली, पण फोन काही तिनं ठेवला नाही.